‘चित्र, चित्र, इथे क्लिक करा’

आमच्या एका ग्राहकाने आमची आख्खी वेबसाइट छापून, स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवली होती. वसई पूर्वेला त्यांचा प्लास्टिकच्या बरण्यांचा कारखाना. मी काही कामासाठी तिथे गेले तेव्हा त्यांनी तो जाडजूड गठ्ठा कौतुकाने माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “मॅडम, ह्यात जागोजागी ‘इथे क्लिक करा’ लिहिलंय. आम्ही कुठे करायचं?”

दुसरे एक गृहस्थ फोनवर भेटले. “तुमच्या पानावर ‘थोडा वेळ थांबा’ लिहिलंय. किती थांबू?” ते सकाळपासून थांबले होते. मध्ये जेवून आले आणि परत थांबले. त्यांचा कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता. त्या दिवसापासून मी ‘थोडा वेळ’ हे शब्द वापरायचे सोडले आणि ‘हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबा’ असं लिहायला लागले. ह्या हिरव्या पट्टीचा मला फार अभिमान होता. तिचं पुढे काय झालं ते सांगतेच.

आमची कंपनी लहान. छोट्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. गोदामात माल किती आहे, कुणाची ऑर्डर आली, कुणाला माल गेला, हे सगळं त्यात ठेवायचं. ते वापरायचं कसं, हे सांगणारी मदतीची पानं वेबसाइटवर असत, आणि ती मी लिहायची. इंग्रजीत आणि मराठीत. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन मी हे काम करीन असं आमच्या गास गावात कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण काम मला आवडलं. माणूस अडलेला असतो, वैतागलेला असतो, त्याचा साहेब मागे उभा असतो, तेव्हा तो आपलं पान उघडतो. त्याला प्रस्तावना नको असते. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि झालं. असं पान जमलं की मी स्वतःशीच खूश होऊन कॅन्टीनचा चहा प्यायची.

माझी खासियत होती चित्रं. सॉफ्टवेअरच्या पडद्याचा फोटो घ्यायचा, त्यावर लाल बाण काढायचा, बाणापाशी गोलात आकडा टाकायचा. मजकूर अगदी कमी. “बघितलं की कळतं,” असं आमचे साहेब प्रशांत नव्या ग्राहकांना सांगायचे. प्रशांत माझ्यापेक्षा वयाने बराच लहान. मी त्याला अरेतुरे करायची आणि तो मला फिलोमिना मॅडम म्हणायचा. त्याला ती पानं ग्राहकांना दाखवायला आवडायची.

मग एक दिवस वालीवहून फोन आला.

“मी वनिता बोलतेय. तुमच्या वेबसाइटवर नवीन ऑर्डर कशी घ्यायची ते पान आहे ना, ते जरा वाचून दाखवाल का?”

मला वाटलं, बाईंना वाचायचा कंटाळा आलाय. मी जरा गोड आवाजात म्हटलं, “अहो, त्यात वाचायचं फारसं नाहीच. चित्रं बघितलीत की लगेच कळेल.”

“तेच तर,” ती म्हणाली. “मला दिसत नाही.”

मी घाईघाईने ‘माफ करा’ म्हटलं. ती मात्र अजिबात अवघडली नव्हती. “माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर लिहिलेलं तो मोठ्याने वाचतो, ते ऐकून मी काम करते. तुमचं पान कसं ऐकू येतं ते ऐकवू?”

तिने फोन स्पीकरपाशी धरला असावा. एक घाईतला, सपाट आवाज आला. “चित्र. चित्र. इथे क्लिक करा. चित्र. इथे क्लिक करा. चित्र. हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबा. चित्र.”

“संपलं,” वनिता म्हणाली. “हे एवढंच आहे.”

ते माझं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान होतं.

दोन-तीन दिवसांनी मी वालीवला गेले. वनिता ज्या कंपनीत होती ती दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवायची. खाली यंत्रांचा खणखणाट, वर लोखंडी जिन्याने गेलं की ऑफिस. तिशीची, तरतरीत, घट्ट वेणी घातलेली वनिता एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्या कानाला फोन लावून बसली होती. शाळेत असताना तापात तिची दृष्टी गेली होती, हे तिने मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं, म्हणजे मग मी ते विचारू की नको ह्या पेचात बसायला नको. ऑर्डरी घ्यायचं काम तिच्याकडे होतं. गिऱ्हाईक फोनवर सांगणार, ती कॉम्प्युटरवर चढवणार. जुना प्रोग्राम पूर्ण कीबोर्डवर चालायचा आणि तिला तो पाठ होता. तिचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलत होता की मला एक शब्द कळत नव्हता. ती तो ऐकता ऐकता गिऱ्हाइकाशी त्याच्या मुलीच्या साखरपुड्याबद्दल बोलत होती.

त्यांचे मॅनेजर पारेख. मला केबिनमध्ये बसवून ते सरळच बोलले. “देखो मॅडम, वनिता आमची सगळ्यात चांगली पोरगी आहे. गिऱ्हाईक तिला नावाने विचारतात. पण मालकाने तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय. पुढच्या महिन्यात जुनं बंद. तिला नव्यावर ऑर्डर घेता नाही आली तर मी काय करू? फोन उचलायला बसवीन. किती दिवस बसवीन? फोन तर सगळेच उचलतात.”

ते वाईट माणूस नव्हते. मालकाला सांगायला त्यांना काहीतरी हवं होतं.

बाहेर येऊन मी वनिताच्या शेजारी खुर्ची ओढली. “मला माझं पान तुझ्यासारखं ऐकायला शिकव,” म्हटलं. तिने हेडफोनची वायर काढली, आवाजाचा वेग अगदी कमी केला आणि माझं दुसरं एक पान उघडलं.

“मी पूर्ण पान ऐकत नाही ताई. कोण ऐकणार एवढं? मी शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारते. हवं ते सापडलं की तिथे थांबते. पण तुमच्याकडे पहिल्या पातळीचं शीर्षक आहे आणि मग एकदम तिसऱ्या पातळीचं. मधलं गेलं कुठे?”

ह्यासाठी थोडं कामातलं सांगावं लागेल. वेबसाइटचं पान आम्ही साध्या अक्षरांत लिहायचो आणि मध्ये खुणा टाकायचो. ओळीच्या आधी एक हॅश, म्हणजे # ही खूण, टाकला की ते मोठं शीर्षक, दोन टाकले की त्याच्या पोटातलं उपशीर्षक, तीन टाकले की त्याच्याही पोटातलं. स्क्रीन रीडर हे हॅश मोजतो आणि सांगतो, ‘शीर्षक, पातळी दोन’. मला हे ठाऊक नव्हतं. तीन हॅश दिले की अक्षर जरा नाजूक दिसतं, म्हणून मी आवडीने तीन द्यायची. आणि कधीकधी हॅश न देता ओळ नुसती ठळक करायची, कारण दिसायला तेही शीर्षकच. वनिताच्या कानाला मात्र तिथे काहीच नसायचं. ती बिचारी हरवलेली पातळी शोधत पान वर-खाली करत बसायची.

“आणि ते हिरवी पट्टी भरेपर्यंत,” ती म्हणाली, “ते कसं करायचं?”

आम्ही दोघी हसलो. माझी हिरवी पट्टी तिथेच निकालात निघाली.

ऑफिसला परत येऊन मी प्रशांतला सांगितलं की ऑर्डरीची सगळी पानं मी नव्याने लिहिणार आहे.

“एका युजरसाठी?”

“सध्या एक आहे. तिने फोन केला म्हणून कळलं.”

तो जरा विचारात पडला. “नवीन रिपोर्टची पानं राहतील मग.”

“तीही करते. आधी ही.”

त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अशा वेळी काम सुरू करून टाकायचं असतं.

बोट न दाखवता लिहिणं किती कठीण आहे, हे मला तेव्हा कळलं. ‘उजवीकडचं निळं बटण’ चालणार नाही. ‘खालीलप्रमाणे’ चालणार नाही. ‘इथे क्लिक करा’ तर नाहीच. दुव्यावर नाव हवं, ‘गिऱ्हाइकाचा पत्ता बदलणे’ असं, म्हणजे नुसते दुवे ऐकत गेलं तरी कुठला कुठे नेतो ते समजेल. प्रत्येक चित्रामागे न दिसणारं वर्णन लिहायची सोय असते, ती मी इतकी वर्षं रिकामी ठेवली होती. आता तिथे काय लिहायचं यावर डोकं खाजवत बसायची. चित्रात काय आहे ते लिहायचं की चित्र कशासाठी आहे ते? वनिताला फोन केला. ती म्हणाली, “बाण कशावर आहे तेवढं सांगा. बाण लाल आहे हे नका सांगू.”

एक पान लिहून झालं की मी तिला पाठवायची आणि ती जेवणाच्या सुट्टीत ऐकायची. तिचे निरोप आवाजात यायचे, मागे यंत्रांचा खणखणाट. “ताई, दुसऱ्या पायरीत दोन कामं घातलीयत, वेगळी करा.” “ताई, हे चांगलंय.” एकदा नुसतंच, “ताई, झोप आली.” ते पान मी परत लिहिलं. खरं सांगायचं तर ते पान मलाही लिहिताना झोप आणत होतं.

शनिवारी मी तिच्याकडे जायची तेव्हा वाडीतली वांगी, कधी केळफूल घेऊन जायची. ती अर्नाळ्याची. तिची आई बोंबील सुकवायची. त्या बोंबलांची पुडी एकदा सोमवारी मी ऑफिसच्या खणात ठेवली आणि विसरले. प्रशांतने दुपारपर्यंत दोनदा एसीवाल्याला बोलावलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग पाचव्या पायरीला गाडी अडली. ऑर्डर भरून झाली की शेवटी ‘ऑर्डर पक्की करा’ हे बटण दाबायचं. मी ते तसं लिहिलं. वनिताचा निरोप आला, “ताई, असं बटणच नाहीये.”

मी तिला म्हटलं, नीट बघ. मग जीभ चावली. ती म्हणाली, “नीटच बघितलं. सगळी फिरले. जतन करा आहे, रद्द करा आहे. पक्की करा नाही.”

माझ्या पडद्यावर ते दिसत होतं. मोठं, केशरी, गोल कोपऱ्यांचं. मी इरफानकडे गेले. सॉफ्टवेअरमधला हा भाग त्याने लिहिलेला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि कानाची पाळी खाजवली.

“मॅडम, ते बटण नाहीच आहे. ते चित्र आहे. बटणासारखं रंगवलेलं. माऊसने दाबलं की चालतं. कीबोर्डला ते माहीतच नाही.”

“मग कर ना त्याचं बटण.”

“करीन. पण यादीत टाकावं लागेल. माझ्या हातातलं काम संपल्यावर. ते दोन-अडीच महिन्यांनी.”

वालीवचा बदल पुढच्या आठवड्यात होता.

मी जागेवर येऊन पाचव्या पायरीकडे बघत बसले. पान लिहिणाऱ्याला एक खोड लागते. सॉफ्टवेअरमध्ये काही वेडंवाकडं असलं की आपण शब्दांनी ते झाकतो. ‘प्रथम बाहेर पडा, पुन्हा आत या, मग दाबा’ असं लिहून वेळ मारून नेतो. इथे झाकायलाही काही नव्हतं. वनिता त्या पायरीला पोचणार आणि तिथेच उभी राहणार, फोनवर गिऱ्हाईक ताटकळत.

आमच्या वेबसाइटवर ‘माहीत असलेल्या अडचणी’ असं एक पान होतं. त्यात सहसा निरुपद्रवी गोष्टी असायच्या. मी त्यात लिहिलं: ‘ऑर्डर पक्की करण्यासाठी माऊस लागतो. कीबोर्डने किंवा स्क्रीन रीडरने ऑर्डर पक्की करता येत नाही. यावर सध्या उपाय नाही.’ आणि प्रशांतकडे मंजुरीसाठी पाठवलं. माझं प्रत्येक पान त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वेबसाइटवर जात नसे.

तो लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशीच आला. “हे वेबसाइटवर जाणार?”

“तू हो म्हणालास तर.”

“नवे ग्राहक वाचतात मॅडम. उपाय नाही म्हणजे काय?”

“म्हणजे नाही. इरफानला विचार.”

“काहीतरी गोल लिहा ना. तुम्हाला जमतं ते.”

“जमतं. पण ती मुलगी मी लिहिते तसं करून बघते, प्रशांत. गोल लिहिलं तर ती गोल फिरत बसेल. आणि तिचे साहेब म्हणतील, हिला जमत नाही. कुणालाच जमणार नाही हे त्यांना कसं कळणार?”

“हे मी टाकू शकत नाही,” तो म्हणाला आणि गेला.

मला राग आला होता, पण त्याच्यावर ओरडण्याएवढा नाही. त्याची बाजू मला दिसत होती. मी पाचवी पायरी तशीच रिकामी ठेवून तेही पान त्याला पाठवून दिलं. चार पायऱ्या नीटनेटक्या, मग पाचचा आकडा, आणि पुढे काही नाही. ते पान मी रागाने पाठवलं नव्हतं. मला खरंच तिथे लिहायला काही सुचत नव्हतं.

दुपारी चहाला उठले तर प्रशांत इरफानच्या खुर्चीमागे उभा होता. “किती काम आहे?” तो विचारत होता.

“बटण करायला काही नाही,” इरफान म्हणाला. “सगळीकडे चालतंय का ते तपासायला वेळ जातो.”

“रिपोर्टमधले रंगीत आलेख पुढे ढकल. हे आधी घे.” मग माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, “मॅडम, ते अडचणीचं पान मी मंजूर करत नाही. बटण झालं की त्याची गरज राहणार नाही.”

मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

इरफानने बटण केलं. त्याच झपाट्यात त्याला अशी आणखी काही रंगवलेली बटणं सापडली, तीही केली. तपासायला वनिताच बसली, आपल्या जागेवरून, सुट्टीच्या वेळात. बदलाच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला. “ताई, पक्की करा सापडलं.” मी पाचवी पायरी लिहिली. एका ओळीची होती.

बदलाच्या दिवशी मी वालीवला गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. ऑफिसात मात्र काम आहे असं सांगून गेले होते. पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले. पारेख केबिनच्या काचेतून बघत होते.

पहिला फोन बोईसरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा. वनिताने नाव चढवलं, माल चढवला, चार इंची बिजागऱ्या. सगळं झालं, आणि समोरच्याने बेत बदलला. चार इंची नको, तीन इंची द्या. चढवलेली वस्तू काढायची कशी, हे तिने कधी करून पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन सांगावं का असं वाटलं, पण तिने ऐकलं असतं कुठे, एका कानात गिऱ्हाईक, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर.

“हं, घरी कसे आहेत सगळे?” तिने गिऱ्हाइकाला विचारलं, आणि तो सांगायला लागताच माझं पान उघडलं. शीर्षकावरून शीर्षकावर टक, टक, टक. ‘ऑर्डरमधली वस्तू काढून टाकणे’ ह्यावर थांबली. तिथलं ऐकलं, पान बंद केलं. “बरं झालं, आता बीपीची गोळी चुकवू नका म्हणावं. हां, तीन इंची लिहिलं.”

माझ्या सगळ्या नोकरीत माझं पान कुणीतरी खरोखर वापरताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते इतक्या पटकन संपलं की नीट बघताही आलं नाही.

मग तिने ‘ऑर्डर पक्की करा’वर येऊन की दाबली. काचेपलीकडे पारेखांनी आपल्या पडद्याकडे पाहिलं, उठले, दार अर्धं उघडलं. “आली,” म्हणाले, आणि आत गेले. वनिताने तोवर दुसरा फोन उचलला होता.

सगळंच काही एका दिवसात गोड झालं नाही. पहिले काही आठवडे ती पूर्वीपेक्षा सावकाश होती आणि पारेख कुरकुरत होते. पण ऑर्डरीची खुर्ची तिचीच राहिली. आमच्याकडे उरलेली पानं सुधारायला मला फार दिवस लागले. काही शेवटपर्यंत राहिलीच, त्याची मला अजून रुखरुख आहे. दरम्यान इतर गावांतूनही दोघा-तिघांनी कळवलं की पानं आता ऐकता येतात. ते आधीपासूनच होते. गप्प होते इतकंच. एकदा मी अर्नाळ्याला तिच्या घरी गेले. तिच्या आईने माझा हात हातात घेतला, पाणी दिलं आणि म्हणाली, “ही आमची तुमच्याबरोबर फोनवर भांडते तवा आमाला वाटायचं, कोन बाई ऐकून घेतेय इतकं.”

मी आता निवृत्त आहे. माझ्या जागी एक तरुण मुलगा आलाय. हुशार आहे, पण त्याला व्हिडिओची भारी हौस. परवा वनिताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “ताई, तुमच्या त्या नव्या मुलाने मदतीच्या पानावर व्हिडिओ टाकलाय. त्यात कुणी बोलतच नाही. नुसती बासरी वाजते.”

मी ताठ बसले. “कुठल्या पानावर? मी आत्ता सांगते त्याला.”

“बासरी चांगली आहे,” ती म्हणाली. “आणि मी केला त्याला फोन. ऐकवली त्याचीच बासरी. उद्या येतोय वालीवला.”

“तरी मला सांग ना कुठलं पान.”

“तुम्ही रिटायर झालात ना ताई,” वनिता म्हणाली. “तुम्ही वांगी बघा. त्याला मी बघते.”